रिकाम्या चौकटीत कोणती संख्या?

सममूल्य अपूर्णांकातील हरवलेली संख्या शोधताना पाचवी-सहावीतली हुशार मुलेही अडखळतात. त्यांना घरच्या घरी मदत कशी करावी? एक कोरा कागद, एक रंगीत पेन्सिल आणि एक योग्य प्रश्न, एवढे साहित्य पुरेसे आहे.

पाढे तोंडपाठ, बेरीज-वजाबाकी पक्की, चौथीपर्यंत गणितात उत्तम गुण. अशा मुलाच्या वहीत पाचवीत अचानक लाल फुल्या दिसू लागल्या की आईवडील गोंधळून जातात. वही उघडून पाहिली, तर धडा बहुतेक वेळा एकच असतो, अपूर्णांकांचा. आणि त्यातही एक विशिष्ट प्रकारचे उदाहरण :

२/३ = ?/९

प्रश्नचिन्हाच्या जागी मुलाने ८ लिहिलेले असते. तुम्ही म्हणता, "चूक आहे, सहा हवेत." मूल विचारते, "सहा कसे?" तुम्ही रीत सांगता, मूल ती रीत उतरवून घेते, पुढची चार उदाहरणे बरोबर सोडवते आणि आठवड्याने चाचणीत पुन्हा तशीच चूक करून येते. मग घरात आवाज चढतात. "लक्ष कुठं असतं तुझं?" हा प्रश्न विचारला जातो, पण खरे तर मुलाचे लक्ष नसते असे नाही. त्याने विचार केलेलाच असतो. तो विचार काय होता, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही.

चुकीमागचा विचार

विचारून पाहा. मूल सांगेल, "तीनचे नऊ झाले म्हणजे सहा वाढले. म्हणून दोनमध्येही सहा मिळवले. आठ."

यात आळस नाही की बेफिकिरी नाही. पहिलीपासून मूल जे शिकले, तेच त्याने इथे वापरले. संख्या वाढली की 'कितीने वाढली?' हाच प्रश्न त्याला ठाऊक आहे. अपूर्णांकात मात्र प्रश्न बदलतो. इथे विचारायचे असते, 'किती पट झाली?' साऱ्या धड्याची किल्ली या दोन शब्दांत आहे. मुलाच्या डोक्यात 'कितीने' च्या जागी 'किती पट' बसले की अर्धी लढाई जिंकलीच म्हणून समजा.

मिळवून का चालत नाही, हे पटवून देण्यासाठी मुलाला एक गंमत करून दाखवा. अर्धी पोळी म्हणजे १/२. आता वर आणि खाली ९८ मिळवू या. झाले ९९/१००. म्हणजे पोळीचे शंभर तुकडे करून त्यातले नव्याण्णव खाल्ले, जवळजवळ सगळी पोळी! "अर्धी पोळी नुसती लिहून लिहून पूर्ण होते का रे?" असे विचारले की मूल हसेल. वर-खाली सारखी संख्या मिळवली की अपूर्णांकाची किंमत बदलते, हे मग त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

एवढ्याशा धड्याचे एवढे काय?

काही पालकांना वाटेल, एक धडा कच्चा राहिला तर काय बिघडले? पुढच्या वर्षी येईलच. पण अपूर्णांकाचे तसे नाही. समच्छेद करून बेरीज-वजाबाकी, गुणोत्तर, प्रमाण, शेकडेवारी, व्याज आणि पुढे बीजगणित, या सगळ्यांच्या मुळाशी हीच रिकामी चौकट आहे. २/३ आणि १/४ यांची बेरीज करायची तर दोघांचा छेद १२ करावा लागतो, म्हणजे आधी २/३ = ?/१२ हे यावे लागते. ६० पैकी ४५ गुण म्हणजे किती टक्के? हाही तोच प्रश्न : ४५/६० = ?/१००.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधील मुलांची माहिती तपासून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहाव्या वर्षाच्या सुमारास ज्या मुलांचे अपूर्णांक आणि भागाकार पक्के होते, त्यांचे माध्यमिक शाळेतील बीजगणित आणि एकूण गणितही चांगले असल्याचे त्यात दिसले. घरची सांपत्तिक स्थिती, बुद्ध्यांक आणि गणितातील इतर कौशल्ये हिशेबात घेऊनही हा संबंध टिकून होता.

हा गोंधळ केवळ आपल्याच मुलांचा आहे असेही नाही. अमेरिकेत १९७८ च्या एका राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांच्या बेरजेचा अंदाज विचारला होता. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक एवढे, म्हणजे बेरीज २ च्या आसपास. पण बरोबर पर्याय निवडणारी मुले होती फक्त २४ टक्के. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे सरळ अंशांची किंवा छेदांची बेरीज केली. मुलांना १२/१३ ही एक संख्या दिसतच नव्हती, एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या दिसत होत्या.

मोठी चिंता गुणांची नसतेच. 'मला गणित येत नाही' हे वाक्य अनेक मुले पहिल्यांदा याच सुमारास म्हणतात. एकदा ते मनात रुजले की काढणे फार अवघड होते.

आधी हाताने, मग पेन्सिलीने

म्हणून रीत सांगण्याआधी वस्तू हातात द्या. वहीचा एक कोरा कागद घ्या. त्यावर दोन उभ्या रेघा ओढून तीन सारखे भाग करा आणि त्यातले दोन मुलाला रंगवू द्या. हे झाले २/३.

आता तोच कागद आडवा मधोमध दुमडा आणि उघडून घडीवर रेघ ओढा. भाग किती झाले? सहा. रंगवलेले किती? चार. म्हणजे २/३ = ४/६. मुलाला विचारा, "रंग वाढला का? कमी झाला का?" नाही. तुकडे तेवढे लहान झाले आणि संख्येने दुप्पट झाले. एकूण तुकडे दुप्पट, रंगीत तुकडेही दुप्पट.

दुसऱ्या कागदावर पुन्हा २/३ रंगवा आणि या वेळी आडव्या रेघा ओढून तीन सारखे पट्टे करा. एकूण भाग नऊ, रंगीत सहा. वहीतले उदाहरण मुलाने स्वतःच्या हाताने सोडवलेले आहे! तिथे ८ का येत नाहीत, हे त्याला समोर दिसते. नऊपैकी आठ भाग रंगवायचे तर आणखी दोन भागांवर रंग लावावा लागेल आणि मग तो २/३ राहणार नाही.

या कामात घाई करू नका. एका संध्याकाळी दोन कागद पुरे. पोळी, भाकरी, वडीचे ताट, साबणाची वडी काहीही चालेल, पण भाग सारखे पडले पाहिजेत. 'सारखे भाग' हा अपूर्णांकाचा प्राण आहे.

'किती पट' ची सवय

कागदाचे काम समजले की वहीकडे वळा. प्रत्येक उदाहरणात मुलाला तीनच गोष्टी करायला सांगा.

पहिली, दोन्ही अपूर्णांकांत वर-वर किंवा खाली-खाली अशी पूर्ण जोडी कुठे आहे ती शोधायची. दुसरी, त्या जोडीत किती पट झाले किंवा कितीने भागले ते ठरवायचे. तिसरी, दुसऱ्या जोडीलाही तेच करायचे.

३/४ = ?/२० हे उदाहरण घ्या. पूर्ण जोडी खाली आहे, ४ आणि २०. चारची किती पट केली की वीस? पाच पट. मग वरही पाच पट, तीन पाचे पंधरा. उत्तर १५.

मुलगी जरा मोठी असेल आणि "पण असं का चालतं?" असे विचारत असेल, तर तिला सांगा की वर आणि खाली ५ ने गुणणे म्हणजे ५/५ ने, म्हणजेच १ ने गुणणे. कोणत्याही संख्येला १ ने गुणले तर तिची किंमत बदलत नाही. रूप बदलते, मोल तेच राहते. म्हणून तर नाव सममूल्य!

काही मुले छेदाला गुणतात आणि अंश तसाच ठेवतात, २/३ चे २/१२ करतात. त्यांना पुन्हा कागद दाखवा. तुकडे लहान झाले आणि तुम्ही आधीइतकेच तुकडे घेतले, तर वाटा कमी होणारच.

चौकट जागा बदलते तेव्हा

मुलांना एका जागची चौकट भरायची सवय होते आणि परीक्षेत ती दुसरीकडे आली की धांदल उडते. म्हणून चारही प्रकार सोडवून घ्या.

चौकट खाली असेल : २/७ = १०/?. इथे पूर्ण जोडी वर आहे. दोनचे दहा, म्हणजे पाच पट. सात पाचे पस्तीस. उत्तर ३५.

संख्या लहान होत असेल : १८/२४ = ?/४. चोवीसचे चार करायचे तर ६ ने भागावे लागते. अठरालाही ६ ने भागा. उत्तर ३.

चौकट डावीकडे वर असेल : ?/५ = १२/२०. मुलाला सांगा, बरोबरच्या चिन्हाची दोन्ही अंगे सारखीच, उजवीकडून वाचायला कुणाची मनाई नाही. वीसचे पाच, म्हणजे ४ ने भागले. बारा भागिले चार, उत्तर ३.

चौकट डावीकडे खाली असेल : ३/? = १५/४०. पंधराचे तीन, ५ ने भागले. चाळीस भागिले पाच, उत्तर ८.

उत्तर आले की मुलाने दोन्ही अपूर्णांक वाचून स्वतःलाच विचारावे, 'हे दोन्ही सारखे वाटतात का?' एक अपूर्णांक अर्ध्याहून मोठा आणि दुसरा अर्ध्याहून लहान दिसला, तर कुठेतरी चुकले आहे. ही सवय लागली की तुमची तपासणी कमी होईल.

पट पूर्ण येत नसेल तर?

६/८ = ?/१२. इथे भल्याभल्यांची गाडी अडते. आठची किती पट केली की बारा? पूर्ण पट येत नाही. मूल लगेच "चार वाढले" म्हणून जुन्या वाटेला लागते आणि १० लिहिते.

इथे एक थांबा घ्यायचा. आधी ६/८ ला सोपे रूप द्या. दोन्हींना २ ने भागा, ३/४ मिळाले. आता ३/४ = ?/१२ हे तर रोजचेच उदाहरण. तीन पट, उत्तर ९. म्हणजे ६/८ = ३/४ = ९/१२. लांबच्या गावी जाताना मधल्या स्टेशनवर गाडी बदलावी तसे हे आहे.

काही वेळा त्याहूनही सोपा मार्ग असतो. ४/८ = ?/१४ मध्ये आठचे चौदा कसे झाले याची चिंता करण्याऐवजी पहिल्या अपूर्णांकाकडेच पाहा. चार हे आठाचे अर्धे. मग चौदाचे अर्धे सात. तसेच ५/१५ = ७/?. खालची संख्या वरच्या संख्येच्या तिप्पट, म्हणून सात त्रिक एकवीस. आडवे पाहायचे की उभे, हे मुलाला स्वतः निवडू द्या. निवड करता येणे हीच समज आल्याची खूण आहे.

तिरका गुणाकार : औषध चांगले, पण वेळ पाहून

बरेच पालक आणि शिकवणीचे शिक्षक पहिल्याच दिवशी तिरका गुणाकार शिकवून मोकळे होतात. ६/८ = ?/१२ मध्ये ६ आणि १२ चा गुणाकार ७२, त्याला ८ ने भागले की ९. रीत अचूक आहे आणि जुनीही. तीन संख्या माहीत असताना चौथी काढण्याच्या या गणिताला आपल्याकडे त्रैराशिक म्हणतात आणि भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'तही ते आहे.

अडचण एवढीच, की समज येण्याआधी रीत हाती आली तर मूल पुढे अपूर्णांकांच्या बेरजेतही तिरके गुणाकार करत सुटते. म्हणून 'किती पट' पक्के झाल्यावरच ही रीत द्या आणि तीही आधी पडताळा म्हणून. कारणही सांगा. दोन्ही अपूर्णांकांचा छेद ८ गुणिले १२, म्हणजे ९६ केला, तर ६/८ चे होतात ७२/९६ आणि ९/१२ चेही ७२/९६. तिरक्या गुणाकारात आपण हेच दोन अंश ताडून पाहत असतो.

आजी-आजोबांची मदत घ्या

मराठी घरात अपूर्णांक परका नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मूल शाळेत जाण्याआधीच ऐकते. आजी-आजोबांच्या पिढीने तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ केले होते. पाऊणकीत वीसला पंधरा येतात आणि चाळीसला तीस. आता वर पाहा, ३/४ = १५/२० हेच उदाहरण आपण सोडवले! आजोबांना पाऊणकी आठवत असेल, तर एका संध्याकाळी नातवंडांना ऐकवायला सांगा.

त्यांना जुन्या नाण्यांबद्दलही विचारायला सांगा. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे होत. पाव रुपया तेव्हा ४ आण्यांचा किंवा १६ पैशांचा, नंतर २५ नव्या पैशांचा. म्हणजे १/४ = ४/१६ = १६/६४ = २५/१००. आकडे बदलले, पाव रुपया पाव रुपयाच राहिला. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, पण 'चार आणे' हा शब्द अजून कानावर येतो.

भिंतीवरचे घड्याळही शिक्षकच आहे. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे : ३/४ = ४५/६०. स्वयंपाकघरात पाव किलो म्हणजे २५०/१०००. भाजी आणायला जाताना असा एखादा प्रश्न सहज विचारला, तर मुलाला तो अभ्यास वाटत नाही.

शब्दांचा अडसर

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या किंवा इंग्रजी माध्यमात मुले शिकणाऱ्या घरांत आणखी एक अडचण असते. आई म्हणते अंश आणि छेद, मूल म्हणते न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर, इंदूर-भोपाळकडच्या हिंदी शाळेत छेदाला 'हर' म्हणतात आणि सममूल्य अपूर्णांकांना 'तुल्य भिन्न'. पहिल्या दिवशीच एका कागदावर हे शब्द शेजारी-शेजारी लिहून अभ्यासाच्या जागी चिकटवा.

इंग्रजी माध्यमातली मुले २/३ ला 'टू अपॉन थ्री' म्हणतात. त्यात दोन सुट्या संख्या ऐकू येतात. आपल्याकडचा 'दोन तृतीयांश' हा शब्द मात्र काय आहे ते नीट सांगतो, तिसऱ्या हिश्शाचे असे दोन वाटे. घरी मुद्दाम हा शब्द वापरा.

तुमचा सूर कसा आहे?

शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी पहिली-दुसरीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे मुलांना गृहपाठात वारंवार मदत करत, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्या मनातली गणिताची भीतीही वाढली. याचा अर्थ मदत करू नये असा नाही. मदतीबरोबर आपली भीती मुलाच्या ताटात वाढू नये, एवढाच.

म्हणून "मलाही शाळेत गणित कधी जमलं नाही" हे वाक्य मुलासमोर टाळा. भावंडांशी किंवा शेजारच्या मुलाशी तुलना नको. रोज पंधरा मिनिटे पुरेत आणि मूल थकलेले असेल तर तेवढीही नकोत. उत्तर चुकले की लगेच खोडू नका, "तू कसा विचार केलास ते सांग बरं" असे म्हणा. सांगता सांगता अनेकदा मूल स्वतःच थांबते आणि म्हणते, "अरे, पट करायची होती ना!" तो क्षण तुम्ही सांगितलेल्या दहा उत्तरांपेक्षा मोलाचा असतो.

पाढे कच्चे असतील तर आधी तिकडे लक्ष द्या. आठाचा पाढा न येणाऱ्या मुलाला चोवीस आणि आठ यांचे नाते कसे दिसणार?

सरावासाठी

१) १/३ = ?/१२
२) ३/५ = ?/२५
३) ४/९ = २०/?
४) ?/६ = १५/१८
५) ७/? = २१/२४
६) २४/३६ = २/?
७) ६/९ = ?/१२
८) १०/२५ = ६/?

उत्तरे : १) ४ २) १५ ३) ४५ ४) ५ ५) ८ ६) ३ ७) ८ ८) १५. शेवटच्या दोन उदाहरणांत मधला थांबा घ्यावा लागेल.

ही आठही उदाहरणे एकाच बैठकीत संपवण्याचा आग्रह धरू नका. दोन सुटली आणि ती का सुटली हे मुलाला सांगता आले, तर त्या दिवसाचा अभ्यास उत्तम झाला. आणि एखाद्या संध्याकाळी मुलालाच शिक्षक होऊ द्या. त्याने उदाहरण घालावे, तुम्ही सोडवावे आणि अधूनमधून मुद्दाम 'कितीने'ची चूक करावी. ती चूक पकडून मूल तुम्हाला समजावू लागले, की चौकटीची काळजी करण्याचे कारण उरणार नाही.